समुद्र पश्चिमेलाच असतो

समोर टेबल आलं की आमच्या साहेबांची दोन बोटं चालायला लागायची. उजव्या हाताचं पहिलं आणि मधलं. माणसाच्या दोन पायांसारखी, टेबलाच्या कडेकडेनं टुकटुक. मधे चहाचा कप आला की वळसा घालायची, बशी आली की चढून जायची. मग एका जागी थांबायची. साहेब डोळे मिटून म्हणायचे, "पहुँच गया."

"किधर, सर?"

"घर."

आणि बोटं परत मागं फिरायची.

तुम्हीही असा एखादा माणूस कुठंतरी बघितला असेल, ज्याचं शरीर इथं आणि पाय भलतीकडं चालू. आमचे साहेब इंग्रज. वय ऐंशीच्या आसपास. इथं आखातात चाळीस वर्षं समुद्रात दगड टाकायचं काम केलं, म्हणजे बंदरांचे बांध बांधायचे इंजिनियर. मुकादमांशी बोलून बोलून हिंदी शिकलेले. हिंदी कामाची होती, पण त्यात 'आहिस्ता' नावाचा शब्द फार. आम्ही घाई केली की एकच वाक्य ठरलेलं, "आहिस्ता, मिस्त्री. समंदर को जल्दी नहीं है."

मी मिस्त्री. रत्नागिरीकडचा सुतार. शाळा तिसरीत सुटली, म्हणजे शाळेनंच मला सोडलं. हे सगळं मी फोनमध्ये बोललोय आणि भाचीनं टाईप केलंय. चुका असतील तर तिच्या, मूर्खपणा दिसला तर तो माझा.

दुबईत रास अल खोरला आमचं वर्कशॉप आहे. मालाच्या पेट्या, प्रदर्शनातले स्टॉल, असलं काम. एका सकाळी साहेब टॅक्सीतून उतरले आणि भिंतीला हात लावत लावत आत आले. त्यांना काचबिंदू झाला होता. उजेड आणि सावली एवढंच समजायचं. दारात उभे राहून म्हणाले, "मुझे एक गाव बनाना है. छोटा. टेबल पे रखने का."

फोरमननं सगळीकडं बघितलं. सगळे कामात होते. मी तेवढा मोकळा, कारण आदल्या दिवशी मी एका स्टॉलचा दरवाजा उलट्या बाजूला उघडणारा बसवला होता आणि मला कशालाच हात लावू नकोस म्हणून सांगितलं होतं. फोरमन म्हणाला, "इस्माईल को ले जाओ."

असं ते गाव माझ्या नशिबी आलं.

गाव इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं. नाव मला शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही, तोंडात गरम भजी धरून बोलल्यासारखं नाव होतं. साहेब तिथं जन्मले, सतरा वर्षांचे होईपर्यंत तिथंच राहिले. गंमत अशी की ते गाव समुद्र खातोय. कडा मातीचा, दर हिवाळ्यात थोडा थोडा ढासळतो. समुद्राकडे तोंड करून सात घरांची एक ओळ होती. सातही गेली. साहेबांचं घर तिसरं.

"चालीस साल मैंने सबका किनारा बचाया," साहेब म्हणाले. "अपना नहीं."

त्यांच्या बायकोला जाऊन तीन वर्षं झाली होती. दुबई मरीनाला तिसाव्या मजल्यावर एकटेच राहायचे. आता मुलगी येऊन त्यांना स्वतःकडं नेणार होती. ती राहते इंग्लंडच्या अगदी पोटात, समुद्र तिथून गाडीनं तीन तास. उरलीसुरली नजर कधी जाईल सांगता येत नव्हतं, आणि डॉक्टर म्हणाले होते की आता एकटं राहायचं नाही. साहेबांची मागणी एवढीच की जाताना गाव बरोबर न्यायचं. डोळ्यांनी बघायला नाही, बोटांनी फिरायला. जसं त्यांच्या लहानपणी होतं तसं, सातही घरं उभी असलेलं.

तीन महिने हातात होते.

काम असं ठरलं. घरं, चर्च, दीपगृह, सगळं मी वेगवेगळं कोरायचं. प्रत्येकाच्या बुडाला खुंटी. खाली एक मोठा बोर्ड, कॅरमपेक्षा थोडा मोठा, त्यावर कडा, वाळू, समुद्र. बोर्डाला भोकं. भोकात खुंटी बसली की घर उभं. दर रविवारी मी तयार झालेले तुकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मरीनाला जायचो, साहेब ते हातात घेऊन तपासायचे. पहिल्यांदा टॅक्सीनं गेलो, सत्तर दिरहम, म्हणजे सोळाशे रुपये. आमच्याकडं सोळाशेत माणूस पूर्ण दिवस राबतो. तेव्हापासून मेट्रो.

पहिला तुकडा नेला तो दीपगृहाचा. साहेबांनी खालून वरपर्यंत बोट फिरवलं. वर पोहोचल्यावर थांबले.

"मिस्त्री, ये मस्जिद का मिनार है."

मी बघितलं. खरंच होतं. वर छोटा घुमट पण काढला होता मी, प्रेमानं.

चर्चचंही तेच झालं. आमच्या गावच्या दर्ग्यासारखं दिसायला लागलं. बायकोला व्हिडिओवर दाखवलं तर म्हणाली, "छान झालाय हो दर्गा. चादर कधी चढवायची?" मी म्हटलं, हे चर्च आहे. ती म्हणाली, "मग पाद्र्याला सांगू नका."

आमच्या वर्कशॉपमध्ये शंकर पेंटर आहे, अलिबागकडचा. तो म्हणाला, "इस्माईलभाय, मोबाईलमध्ये नकाशा उघड, गावाचं नाव टाक, सगळं दिसेल." मी म्हटलं, नाव टाकता आलं असतं तर शाळेत बसलो नसतो का? आणि साहेबांना पण नकाशा नको होता. नकाशात आजचं गाव, त्यांना हवं होतं जुनं. ते सगळं तोंडानं सांगायचे आणि मी माझ्या डोक्यात मांडायचो. चर्च उत्तरेला. दीपगृह दक्षिणेला. मधे सात घरं. चर्चच्या बाजूनं मोजलं तर तिसरं आपलं.

"डोन्ट वरी सर," मी म्हणायचो. "सब दिमाग में है."

हे वाक्य लक्षात ठेवा.

साहेब गावाच्या गोष्टी सांगायचे आणि मी कोरायचं सोडून ऐकत बसायचो. हे चर्च दुसरं. पहिल्याची जागा समुद्रात गेली. जाणार हे गावाला वीस वर्षं आधीच कळलं होतं, म्हणून लोकांनी स्वतःच एकेक दगड काढून आत जमिनीकडं नेला आणि परत बांधलं. बाहेरून येणाऱ्यांना सांगायचे की वादळात समुद्राखालून जुन्या चर्चच्या घंटा ऐकू येतात. मी घाबरून विचारलं, "आपने सुना, सर?"

"कैसे सुनेगा? घंटा तो हमने पहले ही बेच दिया था. हम लोग बहुत कंजूस हैं."

समुद्रात एक लाकडी धक्का होता, लोकांना फिरायला. एका वादळात त्याचा मधला भाग वाहून गेला. टोकाचा तुकडा तेवढा पाण्यात उभा राहिला, वर तिकिटाची खोली आणि एक घड्याळ. तिथं कोणी जाऊ शकेना, घड्याळाला चावी देणार कोण? पुढं अनेक वर्षं गावाला समुद्रात साडेचार वाजलेले दिसायचे. साहेबांचा बाप मासेमार. उशीर झाला की म्हणायचा, "अजून साडेचारच वाजलेत की."

बुडणाऱ्यांना वाचवायची एक होडी होती, तिची शेड होती. तोफेचा बार झाला की न्हावी अर्धी दाढी टाकून पळायचा आणि ते अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईकही पळायचं, कारण तेही होडीवरच असायचं. मासे धुरावर सुकवायचं घर होतं, डांबर लावून काळं केलेलं. ते घर कोरताना एक प्रकार झाला. साहेब वर्कशॉपला आले होते आणि मी डबा उघडला. सुक्या बांगड्याचं कालवण. आमच्या बिल्डिंगमध्ये मी ते गरम केलं की लोक मला जिन्यात गाठून समज देतात. साहेब दारातच थांबले. नाक वर केलं. मला वाटलं, आता माफी मागावी लागणार.

ते वासाच्या मागानं डब्यापर्यंत आले. मग म्हणाले, "मिस्त्री, थोडा देगा?"

माझा अख्खा डबा संपवला. डोळ्यांत पाणी. मिरचीचं असेल म्हणा, मी मिरची जास्तच घालतो. मी त्या दिवशी बिस्किटांवर राहिलो.

मग घरांची वेळ आली. तिसऱ्या घराला साहेबांनी एक पायरी सांगितली, दारापुढं, दगडी, मधे झिजलेली.

"माँ इधर बैठना चाहती थी," ते म्हणाले. आई पहाटेपासून दुपारपर्यंत मासे चिरायला जायची. संध्याकाळी मोकळी व्हायची, पायरीवर बसायला जायची, तोवर सूर्य घराच्या मागं गेलेला. पायरी गार, समोरचा समुद्र काळा. पाच मिनिटांत उठायची. सकाळी पायरीवर छान ऊन असायचं, पण सकाळी बसायला वेळ कोणाला?

"माँ बोलती थी, गॉड ने सूरज गलत साइड में लगाया."

आता तुमच्यासारख्या शहाण्या माणसाच्या डोक्यात तिथंच उजेड पडला असता. मी विचारलं काय? "सर, पायरी किती सूत जाड ठेवू?"

मुलगी येऊन पोहोचली तेव्हा दहा दिवस राहिले होते. पन्नाशीची बाई, शांत, गोड बोलायची. साहेबांना घेऊन ती वर्कशॉपला आली. बोर्ड मी पहिल्यांदाच दाखवणार होतो. तोवर त्यांनी सुटे तुकडेच हातात घेतले होते. शंकरनं समुद्र असा रंगवला होता की पाय ओले होतील. मी बोर्डावर चादर टाकून ठेवली होती, एका झटक्यात काढली. मग आठवलं की साहेबांना ते दिसणार नाही.

त्यांनी हात पुढं केला. बोटानं घरं मोजली. चर्चच्या बाजूनं तिसरं. पायरी सापडली. हसले. दोन बोटं पायरीवर उभी राहिली, समुद्राकडं तोंड करून.

"अभी चर्च जाता हूँ," म्हणाले, आणि बोटं डावीकडं चालायला लागली.

चालली, चालली. शेवटच्या घराच्या पुढं गेली. आणि दीपगृहावर आपटली.

बोटं थांबली. परत पायरीवर आली. पुन्हा डावीकडं निघाली, या वेळी हळू, एकेक पाऊल. पुन्हा दीपगृह. तिसऱ्यांदा निघालीच नाहीत. पायरीवर तशीच उभी राहिली, गर्दीत हात सुटलेल्या पोरासारखी.

"मिस्त्री," ते म्हणाले, "समंदर किस साइड में रखा?"

"समंदर? वेस्ट में, सर." मला प्रश्नच कळला नाही. समुद्र दुसरीकडं कुठं असतो? आमच्या गावाला समुद्र पश्चिमेला. किबला, म्हणजे नमाजाची दिशा, तीही पश्चिमेला. लहानपणापासून पाच वेळा नमाजाला उभा राहतो तो समुद्राकडं तोंड करून, उजवा हात उत्तर, डावा हात दक्षिण. इथं अमिरातीत आलो तरी तेच. किबला तिकडं, समुद्रही तिकडं. शेहेचाळीस वर्षांत माझ्या अंगाला दुसरा समुद्र माहीतच नाही.

"हमारा ईस्ट में है," साहेब म्हणाले. "हमारा सूरज समंदर से निकलता है."

मी शंकरकडं बघितलं. तो अलिबागचा. त्याचंही तोंड उघडंच.

आलं का लक्षात काय केलं होतं मी? गाव समुद्राकडं तोंड करून बसलेलं, चर्च उत्तरेला, सगळं बरोबर. फक्त उत्तर भलत्या हाताला. आरशात दिसतं तसं अख्खं गाव उलटं. स्टॉलचा दरवाजा उलटा बसवणारा माणूस मी, मला त्यांनी किनारा दिला.

साहेबांनी मुलीला इंग्लिशमध्ये समजावलं. ती वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "इट्स लव्हली, डॅड. सगळं आहे की यात. डावं उजवं झालं तर काय बिघडलं?"

"मैं खो जाऊँगा," साहेब म्हणाले. तिला नाही, मला. हिंदीत. तिला कळू नये म्हणून असेल.

आणि बोर्डावरून हात काढून घेतला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांची बोटं टेबलापुढं गप्प बसलेली बघितली मी. एखादी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

ते गेल्यावर मी युक्ती काढली. बोर्डच उचलून फिरवला, समुद्र पूर्वेकडं केला. "खलास! झालं काम!" शंकर म्हणाला, "अरे शहाण्या, आता चर्च दक्षिणेला गेलं."

मग म्हटलं, घरं तर सुटी आहेत, नुसता बोर्ड नवीन करू. नवीन प्लायवूड आणलं, जुना बोर्ड त्यावर ठेवला, कडेनं पेन्सिल फिरवली आणि दोन दिवस कापत बसलो. हुबेहूब तीच चूक तयार झाली, नव्या प्लायवर. त्यात माझा हात बसला होता म्हणून फिनिशिंग पहिल्यापेक्षा चांगलं.

सहा दिवस राहिले.

शंकर म्हणाला, "तुझ्या डोक्यात नाही जायचं हे. डोकं आहे कुठं जायला? फुजैराला जाऊया. तिकडचा समुद्र पूर्वेला आहे. एकदा बघ तरी."

मी साहेबांना फोन केला. म्हटलं, पूर्वेचा समुद्र बघायला चाललोय. ते म्हणाले, "मैं भी आऊँ?"

रविवारी पहाटे आम्ही तिघं वर्कशॉपच्या पिकअपमधून निघालो. शंकर चालवत होता, साहेब मधे, मी दाराला चेपलेला. डोंगर ओलांडून फुजैराच्या किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा नमाजाची वेळ झाली होती. मी वाळूवर चटई टाकली, फोनमध्ये किबला बघितला आणि उभा राहिलो.

आणि समुद्र पाठीमागं.

तुम्हाला कसं सांगू? आयुष्यभर लाटांचा आवाज तोंडावर आला. आज तो मानेवर येत होता. सगळं अंग म्हणत होतं, चुकलास, वळ. कपाळ वाळूला टेकवून सजद्यात गेलो तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं की साहेबांची बोटं दीपगृहावर आपटली तेव्हा त्यांना काय झालं असेल.

सलाम फिरवून उठलो आणि वळलो. समुद्राकडं तोंड केलं. उजवा हात वर केला. दक्षिण. डावा हात वर केला. उत्तर. डावा, उजवा, डावा, उजवा. शंकर म्हणाला, "व्यायाम झाला असेल तर चहा घे."

मग सूर्य आला. पाण्यातून. आधी नुसती लाल रेघ, मग नखाएवढा, मग वर. साहेबांना आकार दिसत नव्हता, पण उजेड कळत होता. त्यांनी तोंड वर करून बरोबर तिकडं धरलं, टोपी काढली आणि ओळखीचं कोणी रस्त्यात भेटल्यासारखं म्हणाले, "मॉर्निंग."

थोड्या वेळानं ते कामाला लागले. "यल्ला, मिस्त्री. इधर आओ." माझा दंड धरून मला वाळूवर चालवत नेलं, उजव्या अंगाला, पावलं मोजत. "रुको. तुम लाईटहाऊस."

मी उभा राहिलो.

"सीधा खड़ा रहो. लाईटहाऊस झुकता नहीं."

शंकरला डाव्या अंगाला नेऊन चर्च केलं. तो हिंदू, पण चर्च झाल्यावर तोंड एवढं गंभीर केलं की मला हसू आवरेना. मधे साहेबांनी टाचेनं सात खड्डे केले. सात घरं. एक पाकिस्तानी झाडूवाला झाडू थांबवून आमच्याकडं बघत होता. त्याला काय दिसलं असेल? एक माणूस हात वर करून ताठ उभा, दुसरा हात जोडून, आणि एक गोरा म्हातारा मधल्या रिकाम्या जागेत घरोघरी सकाळचा सलाम करत फिरतोय.

काठी नव्हती, कोणाचा हात नव्हता. तिसऱ्या खड्ड्यापासून निघाले, डावीकडं, न चाचपडता, आणि थेट शंकरच्या छातीला हात लावला. "चर्च." परत फिरले. खड्डे पायानं मोजत माझ्यापर्यंत आले. माझ्या छातीवर हात ठेवला. धाप लागली होती त्यांना. चेहरा सतरा वर्षांचा.

"आज लाईटहाऊस बराबर जगह पे है," म्हणाले.

मी आणखी ताठ उभा राहिलो. 

लाट आली आणि खड्डे बुजले. त्यांच्या पायाला पाणी लागलं तसं ते हसले, "ये भी बराबर है."

मी तीन दिवसांत बोर्ड केला. कापताना दर वेळी उठून उभा राहायचो, डोळे मिटायचो, पाठीमागं किबला धरायचो आणि मगच करवत लावायचो. फोरमनला वाटलं माझ्यात जिन शिरला. शंकरनं रंग एका दिवसात दिला. निघायच्या आदल्या दिवशी साहेब आले. नव्या बोर्डावर मी सगळं गाव बसवून ठेवलं होतं. बोटं पायरीवर उभी राहिली. डावीकडं चालली. चर्च. परत. उजवीकडं. दीपगृह. धक्का, आणि पाण्यातला तो एकटा तुकडा. 

"पहुँच गया," साहेब म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, "पहला वाला किधर है?"

जुना बोर्ड भिंतीशी बाकड्यावर होता, नुसता, भोकंच भोकं. मला लाज वाटली. म्हटलं, "फेक देंगे, सर." ते बाकड्याजवळ गेले आणि त्यावर हात फिरवत बराच वेळ उभे राहिले. मी आणि शंकर तोवर नवीन गावाच्या पेटीचं झाकण करत होतो. मुलीनं सुटे तुकडे फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवले. जाताना साहेबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मी म्हटलं, "फिर मिलेंगे सर, इन्शाल्ला." ते म्हणाले, "इन्शाल्ला." त्यांना अर्थ नीट माहीत होता. 'फिर मिलेंगे' म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी जुना बोर्ड मोडायला घेतला. हातोडी उचलली आणि थांबलो. एका भोकात घर होतं. तिसऱ्या. पायरीचं.

 एवढं करून तेच घर मागं राहिलं! विमान तर गेलेलं. मुलीला व्हॉइस मेसेज टाकला, अर्धा हिंदी, अर्धा इंग्लिश, सगळा रडका. घर इकडं राहिलं, कुरियरनं पाठवतो, पत्ता द्या, माफ करा.

दोन दिवसांनी उत्तर आलं. साहेबांचाच आवाज.

"मिस्त्री, घर भूला नहीं है. मेरे बोर्ड पे उधर होल है, ठीक है, उधर सच में होल ही है. मैं उँगली रखता हूँ, मालूम पड़ता है. लेकिन तेरे वाले में समंदर वेस्ट में है ना? शाम को माँ की सीढ़ी पे धूप आएगी. थोड़ा बैठने दे उसको."

मी तो मेसेज शंकरला ऐकवला. तो नाक पुसून म्हणाला, "थिनरचा वास फार येतोय आज."

नंतर दर पंधरा दिवसांनी साहेबांचा आवाज यायचा. तिकडं पाऊस आहे. समुद्र नाही, पण बागेत एक बदक आहे. आज चर्चपर्यंत दोनदा जाऊन आलो. मी पण काहीबाही पाठवायचो, मुख्यतः मी केलेल्या चुका. मग आवाज यायचे बंद झाले. मी मुलीला विचारलं नाही. विचारलं की उत्तर येतं.

बोर्ड मी मोडला नाही. पश्चिमेच्या शटरसमोर बाकड्यावर ठेवलाय, समुद्र पश्चिमेकडं करून. सगळी भोकं रिकामी, न चर्च, न दीपगृह, किनाऱ्यावर एकच घर. संध्याकाळी शटर वर केलं की ऊन आधी निळ्या रंगावर येतं, मग वाळूवर, मग हळूहळू वर चढत त्या झिजलेल्या पायरीवर. साडेचारला पोहोचतं. तेव्हा मी करवत बंद ठेवतो. फोरमन ओरडतो, "इस्माईल, काम!"

"आहिस्ता, हबीबी," मी म्हणतो. "अजून साडेचारच वाजलेत."